पेशंट श्रीहरिकोट्याला, नातेवाईक धंतोलीत

नागपूरच्या धंतोलीत पत्ता सांगायचा तर दवाखान्यांवरून सांगावा लागतो. आमची इमारत एका हृदयवाल्याच्या आणि एका किडनीवाल्याच्या मधोमध येते. 'म्हणजे तुम्ही जठरात राहता,' असं शेजारचे डॉक्टरसाहेब म्हणतात. ते निवृत्त भूलतज्ज्ञ. उभं आयुष्य मॉनिटरकडे बघण्यात गेलं. रॉकेट उडायचं असलं की त्यांना आमच्याकडे बोलावणं जातं. त्यांच्या घरचा टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे, पण त्यावर मालिका चालू असते आणि तिथं त्यांचं काही चालत नाही.

या वस्तीत वाढलेल्या माणसाला अंतराळमोहिमेचं थेट प्रक्षेपण पाहायला वेगळं शिकावं लागत नाही. ओटीबाहेरच्या बाकावर कधी बसलेला असला की पुरे. आत काय चाललंय ते दिसत नाही, दिसतं ते कळत नाही, आणि अधूनमधून कोणीतरी येऊन 'नॉर्मल' म्हणून निघून जातं. इस्रोतलेही नेमकं तेच म्हणतात, त्याच आवाजात. खुद्द रॉकेट दिसतं जेमतेम दोन-तीन मिनिटं. ढग असले तर तेवढंही नाही. मग पडद्यावर उरते एक रेघ. यानानं कुठून जायचं ते आधीच आखून ठेवलेलं असतं आणि ते खरंच कुठं आहे ते सांगणारा ठिपका तिच्यावरून सरकत असतो. ठिपका रेघेवर आहे असं डॉक्टरसाहेबांनी मान हलवून सांगितलं की आई उठून कुकर लावते.

14 जुलै 2023 ला दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी चंद्रयान-3 निघालं तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर आणि मामा मोबाइलसमोर. मामांचा टीव्हीवर भरवसा नाही. पावसाळ्यात ढग आला की छतावरची छत्री मान टाकते; उपग्रहांच्या जोरावर चालणारं यंत्र ऐन उड्डाणाच्या वेळी दगा देतं, हा त्यांचा जुना राग. पण मोबाइलवरचं चित्र अर्धा मिनिट मागं चालतं, हे त्यांना मान्य नाही. टीव्हीतलं रॉकेट आभाळात गेलं, आईनं हात जोडले, बाबांनी टाळ्या वाजवल्या, आणि मामा ओरडले, "थांबा ना बे! अजून बारा सेकंद आहेत. काहून घाई करून राहिले?"

बारा सेकंदांनी त्यांचंही रॉकेट उडालं आणि ते आणखी जोरात ओरडले, "मधलं इंजिन पेटलंच नाही!" डॉक्टरसाहेब खुर्चीत हललेसुद्धा नाहीत. एलव्हीएम-3 या 640 टनांच्या धुडाला जमिनीवरून उचलतात ते बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर. मधली द्रव इंधनाची इंजिनं आकाशात गेल्यावर, पावणेदोन मिनिटांनी, पेटवतात. "एकदम सगळी औषधं द्यायची नसतात," डॉक्टरसाहेब म्हणाले. मामांचं समाधान झालं, म्हणजे तेवढ्यापुरतं.

मग वाहिनीवर कोणीतरी सांगितलं की ती मधली विकास इंजिनं मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजकडे तयार होतात आणि बूस्टरचे काही भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला. झालं. बाबांनी आवाज बंद केला. "म्हणजे इथंही मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र! विदर्भाला काय?"

आमच्या घरात चंद्रावरचा विषयसुद्धा अनुशेषावर येऊन थांबतो. पण या वेळी मामांकडे उत्तर होतं. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. गुढ्या उतरवून झाल्या होत्या आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे ओळीनं सरकत गेले. आम्ही गच्चीवर धावलो होतो. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, सगळ्या शक्यता पाण्याच्या टाकीपाशी तपासून झाल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपास गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष निघाले ते. ना निविदा, ना भूमिपूजन, ना विकास मंडळाची बैठक. अंतराळ कार्यक्रमातला आमचा वाटा थेट शिवारात पोचता झाला. कोणाच्या डोक्यात पडला नाही हे नशीब. "आणि तेसुद्धा चीनकडून," बाबा म्हणाले. दिल्लीवरचा त्यांचा राग आहे तिथंच आहे.

खरी परीक्षा मात्र रात्रीच्या मोहिमांची. 15 जुलै 2019 ला चंद्रयान-2 पहाटे 2 वाजून 51 मिनिटांनी उडायचं होतं. सगळे जागे, चिवड्याचा डबा मध्यभागी, आणि 56 मिनिटं 24 सेकंद उरली असताना घड्याळ थांबलं. तांत्रिक अडचण. आता झोपही येईना. बाकीच्या नागपुरात त्या वेळी चहा मिळणं कठीण, पण धंतोलीत नातेवाईकांसाठी टपरी रात्रभर चालते. मी आणि मामा खाली गेलो. बाकावरच्या एका गृहस्थांनी सरकून जागा दिली.

"कोण ॲडमिट आहे?"

"कोणी नाही जी. चंद्रावर यान सोडून राहिले होते ना. थांबवलं."

"थांबवलं? बरं केलं. फिटनेस नसला तर आत नेऊच नाही," ते म्हणाले आणि आमच्या चहाचे पैसे देऊन टाकले.

आठवड्याभरात, 22 जुलैला, यान गेलंही. उतरायच्या रात्री, 7 सप्टेंबरला, ठिपका रेघ सोडून सरकला आणि 2.1 किलोमीटरवर संपर्क तुटला. डॉक्टरसाहेब तेव्हा रेघेकडे बघतच नव्हते. रांगेत बसलेल्या शास्त्रज्ञांचे चेहरे बघत होते. कोणी काही जाहीर करायच्या आत त्यांनी चपला घातल्या.

म्हणून चंद्रयान-3 उतरायच्या दिवशी, 23 ऑगस्ट 2023 ला, आई टेकडी गणपतीला जाऊन आली. इस्रोचे लोक उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. उतरण्याचं खातं मात्र आपल्याकडे असावं, असा तिचा हिशोब. संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी विक्रम लँडर उतरला आणि आम्ही जिन्यात, रस्त्यात, दिसेल त्याला संत्राबर्फी वाटत सुटलो. समोरच्या दवाखान्याच्या चौकीदारानं बर्फी घेतली, म्हणाला, "लक्ष्मी आली म्हणा की!" बाबांनी गंभीरपणे दुरुस्ती केली, "नाही, मुलगा आहे. विक्रम."

त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला गगनयानच्या चाचणीत संगणकानंच पाच सेकंद आधी उड्डाण रोखलं, दोष शोधला गेला आणि त्याच सकाळी दहाला ते उडालं. डॉक्टरसाहेब इतके खूश कोणत्याच माणसावर झालेले मी पाहिले नाहीत.

अंतराळ स्थानकावर निघालेल्या शुभांशू शुक्लांच्या वेळी, 2025 मध्ये, आई रडकुंडीला आली. 29 मेची तारीख 8 जूनवर, मग दहा, अकरा, एकोणीस, बावीस. कधी वारा, कधी रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती, कधी अंतराळ स्थानकातच गळती. "पोराला किती दिवस उपाशी ठेवणार?" असं ती विचारायची. ऑपरेशन पुढं ढकललं की उपास वाढतो, हे तिला पाठ. 25 जूनला दुपारी ते निघाले आणि सोबत गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस नेल्याचं कळल्यावर तिचा जीव खाली आला.

आता गगनयान. आपल्या माणसांना आपल्याच रॉकेटनं नेणार. आईचे प्रश्न तयार आहेत.

"जेवण कोण देऊन राहिलं?"

"म्हैसूरची संरक्षण खात्याची प्रयोगशाळा."

"म्हैसूर? म्हणजे सगळं गोडंच असन. सावजी नाही तर नाही, थोडी तर्री तरी द्यायची."

मामांनी मोबाइलमधून मान वर काढली. "तिथं तर्री वाटीत राहत नाही, ताई. उडते. डोळ्यात जाईन ना."

आईनं डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. "घट्ट केली तर चालेल," ते म्हणाले, "पण पहिल्या दिवशी नको."