खुरपंवाले आबा

पहाटे साडेपाचला तंबूची चेन कितीही हळू सरकवा, बाहेरून आवाज येणारच, "खुरपं घेऊन जा."

हे आमचे आबा. सांगलीचे, निवृत्त ग्रामसेवक. हागणदारीमुक्तीच्या दिवसांत ते गुड मॉर्निंग पथकात होते. झाडीत टमरेल चमकलं की यांची शिट्टी. निवृत्तीनंतर गडांचा नाद लागला, आणि ज्या माणसानं उभ्या गावाला उघड्यावर बसू दिलं नाही, तोच आता साताऱ्याच्या इंजिनिअर पोरांना उघड्यावर कसं बसावं ते शिकवतो. शिट्टी तीच. आता ती 'इकडं येऊ नका, माणूस आहे' एवढ्यासाठी वाजते.

शास्त्र असं : पाण्यापासून आणि वाटेपासून 80 पावलं लांब. खड्डा वीतभर. "जिवाणू, किडामुंगी काय ते वरच्या वीतभरात. त्याच्या खाली पुरलंस तर नातवाला जसंच्या तसं मिळंल." मग माती लोटायची, वर पाचोळा. नुसता दगड ठेवून 'झालं' म्हणणाऱ्याशी आबा दिवसभर बोलत नाहीत.

80 पावलं सांगायला सोपी. मला पहिल्या खेपेला पन्नासाव्या पावलावरच हिशेब सोडावा लागला. परत आलो तर आबांनी तोंडाकडं बघितलं. "किती?" "ऐंशी." "लई लवकर आलास," म्हणाले आणि मला पुन्हा पाठवलं, खुरप्यासकट.

वासोटा किल्ल्याच्या रानात पाचोळ्याखाली माती भुसभुशीत, तिथं हे सगळं जमतं. पण युनेस्कोनं 2012 साली वारसा ठरवलेल्या कासच्या सड्यावर खुरपं जांभ्यावर खणकन वाजतं. तिथली बोटभर माती फुलांची, आपली नव्हे. तिथं आबांचा एकच हुकूम असतो : "दम धर."

एवढी तळमळ कशापायी, ते आम्हाला बरेच दिवस उमगेना. शेवटी एका सातारकरानं विचारलंच. आबांनी काठीनं मातीत रेघ ओढायला घेतली. "हा वासोटा. हा त्याचा ओढा. हा शिवसागर. हे कोयनेचं धरण. इथं कऱ्हाडला ही कृष्णेला मिळाली. आन् हा..." काठी जरा थांबली, "...माझ्या घरचा नळ."

त्यानंतर सातारकर पोरं बिनबोभाट पावलं मोजू लागली.

राहिला प्रश्न ओल्या वाइप्सचा. बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, ते पुरून कुजत नाहीत. म्हणून वापरलेला प्रत्येक तुकडा पिशवीत बांधून आबांच्या डब्यात. डबा कंदी पेढ्यांचा, झाकणाला इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी. वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीला, वनखात्याची माणसं जाताना प्लास्टिक मोजून घेतात, येताना पुन्हा बघतात. तिथं आबा तो डबा आपण होऊन पुढं करतात. उघडून बघायला अजून कुणी तयार झालेलं नाही.

मागच्या खेपेला परतीच्या बोटीत एक नवा पोरगा होता. सकाळपासून पोटात काही नाही, आणि समोर आबांच्या मांडीवर तो डबा. बामणोली दिसायला लागल्यावर त्याला राहवेना. "आबा, पेढे काय घरी न्यायचेत व्हय?"

आबांनी झाकणावरचा हात काढला. "घे की. त्यातले दोन तुझेच हाईत."