गटारावरची लादी

"आलात का पुण्याहून, वहिनी?" दोरीवरचे कपडे काढता काढता मी कुंपणाशी गेले.

"काल रात्रीच. लेकीने जंगली महाराज रस्त्यावर नेऊन बसवलं. अहो, खरंच रस्त्यावर! फुटपाथ एवढा रुंद की झाडाखाली बाकडी, पोरांना खेळायला जागा, सायकलींना वेगळी वाट."

"सायकली होत्या का तिच्यावर?"

"दोन. आणि मोटारसायकली चार." वहिनी कौतुक करतील, पण हिशेब चोख. "जावई सांगत होते, तो रस्ता १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने केला, १० वर्षं खड्डा पडणार नाही म्हणून लिहून देऊन."

"आपल्या उधव्यात एका पावसाचं लिहून दिलं तरी नारळ फोडू."

"आणि २०२१ च्या ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला म्हणे. माणसं भर रस्त्यातून चालली."

"आपण रोजच चालतो. कडेला जीपा, मधे आपण. आपला कुणी फोटो काढत नाही."

मग मी त्यांना मागच्या बाजाराचं सांगितलं. वळवाची एकच सर आली. रस्त्यावर थरावर थर चढवून तो आता ओट्यांपेक्षा उंच झालाय, त्यामुळे सगळं पाणी कडेला बसलेल्यांवर. सुके बोंबील विकणारी म्हातारी टोपली डोक्यावर धरून उभी राहिली, तिचं लुगडं चिखलाने भरलेलं. खालचे दोन वाटे वाहून गेले ते गेलेच. पाऊस तोंडावर आलाय म्हणून बायका बेगमी करायला आलेल्या, त्या तशाच परतल्या.

"डोंगरावर चर खणायला जायचो, आठवतं?" वहिनी म्हणाल्या. "धावतं पाणी आधी चालतं करायचं, मग थांबवायचं, मग जिरवायचं. तेच रस्त्याकडेला करायचं. खाली दगडगोटे, वर रेतीमाती, त्यात कर्दळ नाहीतर वाळा. कडेच्या दगडात मधेमधे फट ठेवली की पाणी आपोआप आत."

"आणि जुलैत? तेव्हा जमीनच तुडुंब असते. जिरणार कुठे?"

"म्हणून काय गटार बुजवायला सांगत्ये? पहिलं पाणी चराने प्यायचं, उरलेलं गटाराने न्यायचं. पुण्यातल्या फरश्यांची नक्कल नको आपल्याला. चालायला कोरडी दोन हात वाट आणि पाण्याला त्याची वाट, बास."

"जागा कुठून काढणार? त्या चहावाल्याची शेडच तीन फूट पुढे आलीय."

"ती आहेच. त्या गटारावरच्या लाद्या काढल्या तरी पुष्कळ होईल. खाली प्लास्टिक अडकलं तर हात घालायला जागा नाही."

"कुणाच्या लाद्या?"

वहिनींनी माझ्या दारातल्या स्कूटीकडे पाहिलं. स्कूटी लादीवर उभी होती.

"ती ह्यांनी टाकली," मी म्हटलं.

"असेल. बाकरवडी आणलीय तुमच्यासाठी. फाटकातून या घ्यायला. लादीवरूनच या, दुसरी वाट कुठाय?"