डिकीत काय आहे?

आमच्या मुरबाड-शहापूरकडे मोटारसायकलला डिकी नसते. साइड कव्हरच्या आत एक चिंचोळी जागा असते. तिथे आर.सी. बुकाची झेरॉक्स, मुदत संपलेली पीयूसी आणि एक प्लग पाना एवढं कसंबसं राहतं. बाकीचा संसार बाहेर लटकतो. सरळगावच्या बाजारातून किन्हवलीकडे परतणारी एखादी स्प्लेंडर नीट बघा. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, त्यामुळे वळण आलं की आधी पिशव्यांची परवानगी घ्यावी लागते. टाकीवर युरियाची गोणी आडवी आणि गोणीवर चालवणाऱ्याचं पोट. मागे बायको एका अंगाने बसलेली, तिच्या मांडीवर सुक्या बोंबलांची पुडी. पायाशी साडी गार्डला बांधलेली कोंबडी, मान खाली पण लक्ष रस्त्यावर. आणि उजव्या आरशावर हेल्मेट. अपघात झालाच तर आरशाला काही होणार नाही, याची पुरेपूर काळजी घेतलेली असते.

माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. मध्यंतरी त्याने बर्फावर चालणारी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. स्नोमोबाइल. पुढे चाकाऐवजी दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये दणदणीत टू-स्ट्रोक इंजिन. रस्ता संपतो तिथून हिचा प्रवास सुरू होतो. गाडी ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. गाडीवर काय काय बांधायचं हे ठरवण्यात मात्र हिवाळा अर्धा सरला. सामानाची पेटी कडक घ्यायची की कापडी, जादा पेट्रोलचा डबा मागे बसवायचा की बाजूला, पाठीवरची बॅग केवढी. घरातल्यांनी हात टेकले तेव्हा त्याला मामा आठवला. "मामा, तू इतकी वर्षं माळशेज घाट करतोयस. स्पेअर पेट्रोल कुठे ठेवतोस?"

मी म्हटलं, "पंपावर."

त्याला तो विनोद वाटला. पण आमच्या पिढीचं स्पेअर पेट्रोल खरोखर आमच्याकडे नसायचंच. ते टाकीतच लपवलेलं असायचं. जुन्या गाड्यांना टाकीखाली कॉक असे. गाडी आचके द्यायला लागली की चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून कॉक फिरवायचा, की तळातलं लिटरभर पेट्रोल हाती लागे. 'गाडी रिझर्व्हला लागली' हे वाक्य महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घराघरांत बोललं जायचं आणि ते दरवेळी गाडीबद्दलच असायचं असं नाही. कॉक आधीच रिझर्व्हवर राहिला असेल तर गाडी डावीकडे आडवी करायची, स्कूटर असेल तर अगदी जमिनीला टेकेपर्यंत. तेवढ्याने नाही भागलं तर झाकण उघडून टाकीत फुंकर मारायची. या फुंकरीमागचं शास्त्र मला कोणी समजावून सांगितलेलं नाही, पण तिच्यावर माणसं टोकावड्याहून मुरबाडला पोचलेली आहेत. २०२०च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले, बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि कॉकही गेला. आता काट्याशेजारी एक दिवा लागतो. दिव्याला काही फिरवता येत नाही, नुसती भीती वाटते.

मग बाटली. पाण्याची रिकामी बाटली हा आमच्याकडचा पेट्रोलचा राष्ट्रीय डबा आहे. पंपावर 'बाटलीत पेट्रोल मिळणार नाही' अशी पाटी असते आणि ती योग्य आहे. तरी गावोगावच्या टपऱ्यांवर वेफर्सच्या पाकिटांशेजारी अशा बाटल्या ओळीने उभ्या दिसतात. रंग असा की पाहुण्याला सरबत वाटावं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणजे भाच्याच्या बर्फातसुद्धा ते तयारीतच असतं. आपल्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीला लटकलेल्या पातळ बाटलीत ते काय करत असेल याचा विचार करावा. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती उडून न जाता खाली साचते आणि बरोबर तिथेच कोणीतरी बिडी पेटवायला बसलेलं असतं. भाच्याला मी त्याबाबत सरळ सांगितलं. पेट्रोलसाठीच बनवलेला डबा घे, काठोकाठ भरू नकोस, फुगायला जागा ठेव, आणि भरताना तो जमिनीवर ठेव, गाडीवर बांधलेल्या डब्यात नळी घालू नकोस. तो म्हणाला, "मामा, तुला हे सगळं माहीत आहे?" माहीत असणं आणि टपरीवरून बाटली घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकेत राहून कळत नाही.

हौशी लोकांचं आणखी वेगळं. कल्याण-डोंबिवलीहून पावसाळ्यात माळशेजला बुलेटींचे तांडे येतात. काहींच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटीत हिरवे जेरीकॅन बसवलेले असतात. हे लडाखचं खूळ. मनाली-लेह रस्त्यावर तांदी गावाच्या पंपापाशी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध होती. तिथे डबा लागायचाच. पण कल्याणहून निघून माळशेजला भजी खाऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या माणसाला दहा लिटर जादा पेट्रोल कशाला? एकदा एका तरुणाला विचारलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, रिकामेच आहेत. लूकसाठी." एका डब्यात चिवडा होता.

डब्यापेक्षा मला पावसाची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. आमच्याकडचा पाऊस वरून पडतो ही शहरी समजूत आहे. घाटात तो समोरून येतो, बाजूने येतो आणि धबधब्यापाशी रस्त्यावर आपटून खालूनही येतो. रेनकोटवाल्या कंपन्यांनी तो पाहिलेला नसावा. आवणीच्या दिवसांत अजून कुठे कुठे इरलं दिसतं. बांबूच्या काड्यांची जाळीदार वीण, मध्ये पळसाची पानं, हल्ली पानांऐवजी प्लॅस्टिकचा कागद. वाकलेल्या माणसाच्या डोक्यापासून कमरेखालपर्यंत ते असं बसतं की दोन्ही हात मोकळे आणि पाठ कोरडी. शरीर काम करताना कसं असतं हे बघून बनवलेली ती वस्तू आहे. रेनकोट मात्र उभ्या माणसासाठी शिवलेला असतो. गाडीवर बसलं की त्याची मांडीवर एक खोलगट घडी पडते आणि मुरबाड ते मोरोशी एवढ्यात तिथे तळं होतं. घाटमाथ्यावर उतरताना ते सगळं बुटात. म्हणून जुनी माणसं थंडीत म्हसाच्या जत्रेतून घेतलेली घोंगडीच पावसातही पांघरून गाडीवर बसत. भिजली की तिचं वजन दुप्पट होई, पण आत ऊब राही. चाकात अडकण्याची भीती मात्र खरी, त्यामुळे तिची शिफारस करवत नाही.

तर भाच्याची यादी लांबत गेली. जादा बेल्ट (अ‍ॅक्टिव्हात असतो त्याच जातीचा, तुटला तर गाडी जागची हलत नाही), हत्यारं, दोर, शिट्टी. पण एक गोष्ट त्याने सांगितली आणि मी सावरून बसलो. त्या डोंगरांत हिमकडे कोसळतात. म्हणून प्रत्येकाने तीन वस्तू घ्यायच्याच: अंगावर बांधायचं एक छोटं संदेश-यंत्र, खोल बर्फात खुपसून बघायची घडीची काठी आणि फावडं. यंत्र जॅकेटच्या आत, छातीशी. काठी आणि फावडं पाठीवर. गाडीच्या पेटीत ठेवायची नाहीत, कारण कडा कोसळला की गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर निघाला. गावाहून मदत येईपर्यंत वेळ नसतो. बरोबरच्यांनीच त्याला यंत्राने शोधायचं, काठीने चाचपायचं, फावड्याने काढायचं.

"म्हणजे तुझं फावडं तुझ्या कामाचं नाही," मी म्हटलं.

"नाही. माझं फावडं मित्राच्या कामाचं. मित्राचं माझ्या."

मला त्या गाडीबद्दल तेव्हा पहिल्यांदा आपुलकी वाटली. आमच्या घाटात हिमकडे नाहीत, पण दरड आहे, धुकं आहे, जुलैत कलेक्टरांचा मनाई हुकूम आहे आणि तो वाचायला आलेली गर्दी आहे. दरड पडून रस्ता अडला की सगळ्यांच्या डिक्या उघडतात. कोणाकडे दोर निघतो, कोणाकडे टॉर्च, दूधवाल्याच्या कॅनमागे गुंडाळून ठेवलेली ताडपत्री निघते. एका रिक्षावाल्याकडे, देव त्याचं भलं करो, क्लचची तयार वायर, प्लग, पकड आणि चिकटपट्टी होती. स्वतःच्या रिक्षेला त्यातलं काही लागल्याचं त्याला आठवत नव्हतं. ही रीत जुनीच. पलीकडे नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वैशाखऱ्याच्या बाजूने चढून जुन्नरकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याला बैलाच्या पाठीवर सगळं पाणी न्यायची गरज नसावी. साठवण वाटेतच होती. आमचा शहापूर तालुका तर या बाबतीत फारच उदार. भातसा आणि तानसा ही धरणं साठवतात मुंबईचं पाणी, आणि एप्रिल-मे उजाडला की त्याच तालुक्यातली गावं टँकरची वाट बघतात. दुसऱ्यासाठी फावडं बाळगण्याचं हे जरा जास्तच झालं.

पण जीव वाचवणारं गाडीवर नाही, अंगावर ठेवायचं, हा भाच्याचा नियम डोक्यातून जाईना. घाटात पेट्रोल उसनं मिळतं. पाना मिळतो, दोर मिळतो, भिजलेल्या माणसाला कोणी बनियनसुद्धा देतं. नेमकं हे सगळं आपण जपून बरोबर घेतो. डोकं रस्त्यावर आपटण्याच्या क्षणी हेल्मेट कोणी उसनं देऊ शकत नाही, आणि ते आपण आरशाला देतो, नाहीतर कोपराला. फार तर नाका दिसला की डोक्यावर. त्यातही बंद न लावलेलं, म्हणजे पडताना ते माणसाच्या आधी पोचणार. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच चेपतो. तो चेपला की आपला वाटा त्याने उचलला, पुन्हा वापरायचं नाही. आयएसआय शिक्क्याशिवायचं हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, तरी रस्त्याकडेला अजून टोपीसारखी कवचं मिळतात. त्यांचा उपयोग ऊन अडवण्यापुरता. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागतं, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. आमच्या देशाने मागे बसणाऱ्याच्या पदराचा विचार मात्र कधीच करून ठेवलाय. मागचं चाक अर्धं तरी झाकणारं संरक्षण हवं, कपडे अडकू नयेत, असं मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. कोंबडीची सोय त्यातूनच झाली.

भाच्याच्या मामीला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "मग माझं कुठाय?" मुद्दा बिनतोड होता. दुकानात गेलो. पहिलं अंबाड्यावर अडकलं, दुसऱ्यात ऐकू येईना, तिसऱ्यात ती स्वतःला आरशात बघून इतकी हसली की दुकानदारालाही हसू आवरेना. चौथं बसलं. बंद लावून तिने मान दोन्हीकडे हलवली आणि विचारलं, "आणि उतरल्यावर हे ठेवायचं कुठे? तुझ्या गाडीला तर डिकीच नाही."

दुकानदार म्हणाला, "वहिनी, हातात."

सरळगावच्या बाजारात एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन भाव कसा करायचा, हा प्रश्न तिने दोन गाळे ओलांडायच्या आत सोडवला. हेल्मेट उलटं धरलं आणि भेंडीवालीसमोर केलं. पाऊण किलो सहज बसली. भेंडीवालीने कौतुकाने वर चार मिरच्याही टाकल्या. सगळं छान झालं. मग गाडीपाशी आलो, हेल्मेट घालायची वेळ झाली, आणि भेंडी माझ्या हेल्मेटात ओतायला ती पुढे सरसावली.