कव्हराखालची टिकटिक

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करड्या कव्हराखाली एक तरी गाडी झोपलेली सापडते. गाडीचा मालक जर्मनीत नाहीतर अमेरिकेत, आणि मालकाचे आईवडील त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. ‘विकू नका हं, मी आलो की लागेल’ एवढं सांगून तो विमानात बसलेला असतो. मग कधीतरी तो पंधरा दिवसांसाठी येतो आणि रिक्षाने फिरतो. गाडीची बॅटरी उतरलेली असते ना!

आमच्याकडची अशी गाडी तीन सिलिंडरची आहे. कव्हर काढल्यावर लाल असते. चिरंजीव स्टुटगार्टला मोटारींच्याच धंद्यात आहेत, म्हणजे मोटारीतल्या पडद्यावर काय दिसावं ते ठरवणारं सॉफ्टवेअर लिहितात. इंजिन त्यांच्या खात्यात येत नाही. गाडीचं खातं सध्या माझ्याकडे आहे आणि माझी आजवरची सगळी हयात स्कूटरवर गेली आहे.

दिवाळीत तो येणार म्हणून गाडी जागी करायचं ठरलं. शेजाऱ्यांच्या गाडीवरून बॅटरीला जंप दिला, किल्ली फिरवली, इंजिन लागलं. पाठोपाठ बोनेटखालून टिकटिक सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की भराभर, सोडला की सावकाश, पण थांबायचं नाव नाही.

आपल्याकडे गाडी खाजगी असते, तिचा आवाज सार्वजनिक. पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला कोरम होत नाही, पण उघडं बोनेट दिसलं की कोरम आपोआप होतो.

पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे काका. लिफ्टचं दार उघडता उघडताच त्यांनी निदान केलं, “टॅपेट!” काकांकडे एकेकाळी प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याला तयार होणारी, १०८९ सीसीची. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरात, ती जमातच रस्त्यावरून उतरली. काकांच्या बोलण्यातून मात्र ती अजून उतरलेली नाही. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यामधल्या फटीत पोलादाची पातळ पत्ती घालायची, ती किंचित अडकत सरकली पाहिजे, मग नट आवळायचा. हे ते रविवारी सकाळी स्वतः करत. “फट वाढली की टकटक. पत्ती आण, अर्ध्या तासात करून देतो,” असं म्हणून त्यांनी बाह्या सावरल्या. मी त्यांना चहाकडे वळवलं.

सेक्रेटरींच्या मते इंजिन सीझ होणार होतं. त्यांच्या मेव्हण्याचं झालं होतं. मेव्हण्याची गाडी डिझेलची होती आणि पुराच्या पाण्यात गेली होती, हे पुढे चौकशीत निघालं. वॉचमन म्हणाला, “उंदीर.” सगळे हसले, पण टॉर्च मारला तर बॅटरीशेजारी शेंगांच्या टरफलांचा छोटा ढीग खरंच होता. टरफलं टिकटिक करत नाहीत हे मान्य, तरी त्या सकाळी पुराव्यानिशी बोलणारा तो एकटाच.

स्टुटगार्टला व्हिडिओ कॉल लावला. मी फोन इंजिनावर धरला. “बाबा, काहीच ऐकू येत नाहीये.” फोन आणखी जवळ नेला, हात भाजायच्या बेतात आला. “बाबा, मागे कोणीतरी मेव्हण्याबद्दल बोलतंय ते ऐकू येतंय.” फोनमधली यंत्रणा सलग येणारा एकसुरी आवाज गोंगाट समजून गाळते आणि माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवते. सेक्रेटरी सात हजार किलोमीटरवर स्पष्ट पोहोचले, टिकटिक बोनेटपाशीच राहिली. हे असं का होतं ते चिरंजीवांनी फार सुरेख समजावून सांगितलं. आवाजाचं काय करायचं, ते खातं पुन्हा माझ्याकडे आलं.

खरी मदत अनपेक्षित दिशेने आली. बी विंगमध्ये तबल्याच्या शिकवण्या घेणारे सर आहेत. गाडीतलं त्यांना काही कळत नाही आणि हे ते स्वतःहून सांगतात, त्यामुळे गर्दीत ते मागेच उभे होते. ते पुढे आले, मडगार्डवर तळवा ठेवला, डोळे मिटले, बोटं मोजली आणि म्हणाले, “तिगुन आहे. आवाज एकदा येतो तेवढ्यात इंजिन तीनदा धडधडतं.” काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी सेक्रेटरींकडे पाहिलं. सर क्लासला निघून गेले.

दुपारी गॅरेजवाला आला. पंचविशीचा मुलगा, खिशात फडकं. त्याने कुणालाही काय झालंय असं विचारलं नाही. त्याचे प्रश्न वेगळे होते: गार असताना येतो की गरम झाल्यावर? वरून येतो की खालून? ऑइलचा दिवा विझतो का? फुसफुस आहे का? “खालून, चेंबरकडून ठकठक आली असती ना काका, तर गाडी लगेच बंद करायला लावली असती. ते बेअरिंग असतं, खर्च मोठा. गार असताना फुसफुसत टिकटिकली आणि तापल्यावर थांबली, तर मॅनिफोल्डची गॅस्केट बघायची.” मग त्याने हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. टोक इंचाइंचाने सरकवत तो एका जागी थांबला. मलाही ऐकवलं. बाकी ठिकाणी नुसती घरघर, तिथे मात्र कानाच्या पडद्यावर कोणी टिचकी मारावी तसं.

“एकच व्हॉल्व्ह वाजतोय,” तो म्हणाला. सरांची तिगुन मी त्याच्या कानावर घातली. तो थबकलाच. “बरोबर आहे की! व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्या एका फेऱ्यात तिन्ही सिलिंडर एकेकदा पेटतात आणि बिघडलेला व्हॉल्व्ह एकदाच वाजतो. कोण म्हणालं हे? कुठल्या गॅरेजला असतात?”

काका पत्तीसकट पुढे सरसावले, पण या गाडीत पत्ती घालायला जागाच नव्हती. हायड्रॉलिक टॅपेट. त्यात ऑइल भरतं, त्याच्या दाबाने फट आपोआप मिटते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली दबलेल्या टॅपेटमधलं ऑइल हळूहळू पाझरून जातं. मग सुरू केल्यावर ते पुन्हा भरेपर्यंत टिकटिक. काका म्हणाले, “म्हणजे टॅपेटच!” हे त्यांनी अजून सोडलेलं नाही.

पण मग ते भरत का नव्हतं? मुलाने डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. खालच्या खुणेला जेमतेम टेकलेलं, डांबरासारखं ऑइल. मी म्हटलं, शेवटच्या सर्व्हिसिंगनंतर गाडी हजारभर किलोमीटरसुद्धा चाललेली नाही. “काका, ऑइलला किलोमीटर कळतात, तशी तारीखही कळते. वर्ष झालं की बदलायचं.” गार इंजिनात हवेतला दमटपणा उतरतो, ऑइल खराब होतं, टॅपेटकडे जाणारी बारीक वाट गाळाने अडते. फिल्टरमध्ये ऑइल मागे फिरू नये म्हणून रबराची झडप असते, तीही जुनी झाली की कडक होते. आणि आम्ही? पंधरवड्याला इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करत होतो. बाप म्हणून कर्तव्य केल्याचं समाधान. तेवढ्याने बॅटरी चार्ज होत नाही, इंजिन पुरतं तापत नाही, आतलं पाणी आतच राहतं.

गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं नवं ऑइल, नवा फिल्टर. मग मुलगा गाडी चालवायला, मी शेजारी आणि मागे काका, असे खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. कात्रजच्या बोगद्यात काच खाली केली तेव्हा भिंतीवरून टिकटिक परत ऐकू येत होती. येताना त्याच बोगद्यात ती नव्हती. काकांनी दोन्ही वेळा कान बाहेर काढून खात्री केली.

पार्किंगमध्ये मला पुन्हा काहीतरी बारीक, चुटूचुटू ऐकू आलं. मुलगा हसला. “तो इंजेक्टर, पेट्रोल सोडतोय. तो आवाज यायलाच हवा. तो बंद झाला की मला फोन करा.”

तेव्हा ज्यांच्या पार्किंगमध्ये परदेशस्थ चिरंजीवांची गाडी कव्हराखाली आहे, त्यांना विनंती: पंधरा दिवसांतून एकदा ती अर्धा तास रस्त्यावर न्या, जागच्या जागी घुरघुरवू नका. ऑइल वर्षाला बदला. टिकटिक आलीच तर आधी डिपस्टिक बघा आणि आवाज गार असताना येतो की गरम झाल्यावर, ते कागदावर लिहून ठेवा. बोनेट मात्र दुपारी अडीचला उघडा. त्या वेळी सेक्रेटरी झोपलेले असतात.