अंबाडीचं झालं सोनं

आमचा भाचा हिंजवडीतली नोकरी सोडून वनस्पतींकडे वळला आहे. वळला म्हणजे शेतावर गेला असं नव्हे, बाणेरला ऑफिस घेतलंय. तिथं रक्तदाबावरची कॅप्सूल 'डेव्हलप' होते. मी गेलो तेव्हा फळ्यावर अर्जुन, लसूण, बीट, शेवगा, जास्वंद अशी नावं लिहिली होती आणि चौघं त्यावर हिरिरीनं भांडत होते. मला वाटलं, यातल्या कशानं गुण येतो ते ठरतंय. बाटलीवर चित्र कुणाचं छापायचं, ते ठरत होतं. जास्वंद जिंकली.

आता, ज्या वनस्पतीच्या चहानं वरचा आकडा थोडाफार उतरल्याचं काही चाचण्यांत दिसलं, ती देवाला वाहायची जास्वंद नव्हेच. ती तिची चुलतबहीण, लाल अंबाडी. हे मी सांगितलं तर भाचा म्हणाला, "मामा, अंबाडी म्हटलं की लोकांना भाजी-भाकरी आठवते. ९९९ रुपये कोण देईल?" बिनतोड मुद्दा.

"आणि चाचणी?" मी विचारलं. त्यावर मी जणू हुंडा मागितला असं सगळे माझ्याकडे बघू लागले.

म्हणून त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेची मुळी ५० रुग्णांना दिली, दाब मोजत बसले आणि १९४९ मध्ये निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. पुढं १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि जगभर गोळ्या गेल्या. दाब उतरायचा, पण नाक चोंदायचं, काहींना उदासीनता यायची. हेही नोंदलं गेलं, म्हणून मात्रा सांभाळता आली.

"म्हणजे त्याला साइड इफेक्ट होते!" भाचा विजयी मुद्रेनं म्हणाला. "आपल्याला एकही नाही."

खरं आहे. मोजलेच नाहीत तर कुठून असणार?

फॉर्म्युल्यात चव येण्यासाठी ज्येष्ठमध घातलाय. तो पोटात नेमानं गेला की अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. म्हणजे एकाच कॅप्सूलमध्ये आजारही आला आणि उपायही. इतकी स्वयंपूर्ण वस्तू बाजारात दुसरी नसेल.

कायद्याची अडचण होती, तीही निभावली. १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्यानं ज्या रोगांवरच्या इलाजांची जाहिरात बंद केली, त्यांच्या यादीत रक्तदाब आहे, चढलेला आणि उतरलेला दोन्ही. त्यामुळं 'बरा करते' हे क्रियापद बाद. त्याऐवजी 'साथ देते', 'संतुलन जपते', 'हृदयाशी मैत्री करते'. मैत्रीवर कुठलं कलम लागतं? 'औषधी वापरासाठी नाही' ही पूरक आहाराच्या लेबलवरची सक्तीची ओळ डिझायनरनं हिरव्या पानावर हिरव्याच शाईत बसवली आहे. चष्मा बदलून पाहिलं. आहे, नक्की आहे.

खरी बुद्धी मात्र सोबतच्या पत्रकात ओतली आहे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, पापड-लोणचं बंद, रोज अर्धा तास झपाझप चाला, तंबाखू सोडा, डॉक्टरांची गोळी अजिबात चुकवू नका, आणि रात्री आमच्या दोन कॅप्सूल. एवढं सगळं केलं तर दाब उतरेल, नाही कोण म्हणतो? उतरला की कॅप्सूलचा गुण. नाही उतरला तर ग्राहकानं लोणचं खाल्लं.

भावजींनी, म्हणजे भाच्याच्याच वडिलांनी, पहिल्या महिन्यात पत्रकातला फक्त शेवटचा भाग पाळला. गोळी बंद, कॅप्सूल चालू. दाब १८० वर १०० निघाला. डॉक्टरांनी झापलं, घरात रामायण झालं. भाच्यानं त्या रात्री स्वतः मेडिकलमधून बापाच्या गोळ्या आणल्या. सकाळी ऑफिसला जाऊन त्यानं 'ग्राहकांचे अनुभव' या पानावरून वडिलांचा फोटो काढला.

आता मधुमेहावरची बाटली येतेय. पाला तोच आहे, कारलं तेवढं वाढवलंय.