पॉइंट एक

न्यू जर्सीत घर दाखवताना एजंट जिन्यानं खाली बेसमेंटमध्ये नेतो, उघड्या बल्बखाली उभं करतो आणि हात पसरून म्हणतो, "हे तुमचं होम थिएटर!" त्या क्षणी तिथे सिमेंटच्या चार भिंती आणि एक फर्नेस असते. पण दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला एवढी मोकळी जागा दिसली की त्याचा विवेक सुटतो. मग पुढच्या काही वर्षांत त्या थिएटरात कॉस्टकोचे टॉयलेट पेपरचे गठ्ठे येतात, सोना मसुरीच्या वीस-वीस पौंडांच्या गोण्या येतात, दुसरा फ्रीज येतो, गणपतीचं मखर येतं, मंडळाच्या नाटकातलं तुळशीवृंदावन 'पुढच्या प्रयोगापर्यंत' म्हणून येतं आणि कायमचं राहतं. या सगळ्याच्या मधोमध सोफा मावेल एवढी जी जागा उरते, ती आमची टीव्हीची खोली.

टीव्ही मोठा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्याच्या आवाजाची. हल्लीचे टीव्ही इतके पातळ असतात की त्यांच्या पोटात स्पीकरला जागाच नसते. बोटभर स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे नायिका बोलते ती भिंतीशी. बाँबस्फोट व्यवस्थित ऐकू येतात, कुजबूज मात्र गायब. सासूबाई उन्हाळ्यात येतात तेव्हा हे प्रकर्षानं जाणवतं. "काय म्हणाला तो?" असं त्या विचारतात, सासरे छातीठोकपणे चुकीचं उत्तर देतात, लेक ते दुरुस्त करते, आणि तेवढ्यात पुढचे चार संवाद निघून गेलेले असतात. मग पुन्हा, "आता काय म्हणाला?"

आम्ही राहतो एडिसन गावात, म्हणून हे जास्तच लागतं. 1877 साली थॉमस एडिसननं फोनोग्राफ बनवला तो याच गावातल्या मेन्लो पार्क भागात. गावाचं नाव तेव्हा रॅरिटन टाउनशिप होतं, 1954 साली त्याच्या सन्मानार्थ ते बदललं. नळकांड्यावर कथलाचा वर्ख गुंडाळायचा, हातानं दांडा फिरवायचा, तोंड लावून बोलायचं. साउंड सिस्टिमचं याहून कमी बजेट मला ठाऊक नाही. त्यात एडिसन स्वतः कानानं अधू. लाकडाला दात लावून आवाज ऐकायचा असं सांगतात. आणि त्याच्या गावात, आमच्या बेसमेंटमध्ये, धडधाकट कानांच्या सासूबाईंना संवाद ऐकू येत नाहीत.

शेवटी बायकोनं स्पीकरसाठी बजेट मंजूर केलं: पाचशे डॉलर, टॅक्ससकट. न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स 6.625 टक्के, म्हणजे खरे हातात 469. हा हिशेब तिनंच करून दिला.

होम थिएटरच्या ज्या संचाला पाच पॉइंट एक म्हणतात, त्यातले पाच स्पीकर म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय मागे दोन. पॉइंट एक म्हणजे सबवूफर. बाकीच्या पाचांना सगळी सप्तकं मिळतात, याला फक्त तळाचा, साधारण 120 हर्ट्झपर्यंतचा तुकडा. म्हणून तो पूर्ण एक धरत नाहीत. आकारानं सगळ्यांत मोठा, वजनानं सगळ्यांत जड, घर हादरवायची ताकद त्याच्यातच, आणि मोजदादीत पॉइंट एक. घरातला कर्ता पुरुष म्हणून मला तो पहिल्या दिवसापासून जवळचा वाटत आला आहे.

दुकानात सासरे बरोबर आले. सासरे एमएसईबीतून निवृत्त झालेले. वॅट हा शब्द त्यांच्यासमोर जपून वापरावा लागतो. सेल्समननं एक चकचकीत खोकं पुढे केलं. त्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: 1000 वॅट. सासऱ्यांनी खिशातून चष्मा काढला, शेजारी मांडून ठेवलेला नमुना मागून फिरवला आणि वायरीच्या भोकाशेजारची बारीक अक्षरांतली पट्टी वाचली. तिथे लिहिलं होतं, वीजवापर 120 वॅट.

"घेतो एकशेवीस आणि देतो हजार?" सासरे म्हणाले. "जावईबापू, हे खोकं महाराष्ट्राला पाठवा. भारनियमन कायमचं संपेल."

सेल्समन 'पीक पॉवर' वगैरे बोलायला लागला. सासऱ्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती त्यांनी पूर्वी आकडे टाकणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली असावी. खरं सांगायचं तर वॅटचा बाऊ उगाच करतात. शक्ती दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलनं. कानाला दुप्पट वाटायला हवा तर शक्ती साधारण दहापट लागते. उलट साधा, बरा स्पीकर एका वॅटमध्ये एका मीटरवर 87-88 डेसिबल देतो. आमच्या सोफ्यापासून टीव्ही दहा फूट. म्हणजे रोजच्या बघण्याला एखादा वॅट पुरतो, आणि उरलेले नऊशे नव्व्याण्णव खोक्यावर छापायला.

तेव्हा 'सगळं एका खोक्यात' हा पर्याय सासऱ्यांनी बाद केला. साउंडबार बायकोला आवडला होता, कारण तो दिसत नाही. बोस घ्या असंही सासऱ्यांनी सुचवलं, "आपल्याच माणसाचं आहे." अमर बोस फिलाडेल्फियात जन्मले, वडील बंगालमधले क्रांतिकारक, स्वतः एमआयटीत प्राध्यापक, 1964 साली कंपनी काढली, हे सगळं मी त्यांना अभिमानानं सांगितलं आणि किमतीची चिठ्ठी दाखवली. आपल्या माणसाचा अभिमान दुकानातच ठेवून आम्ही पुढे सरकलो.

मग सुटं सुटं घ्यायचं ठरलं. इथे मंडळाच्या नाटकांना साउंड देणारे आमचे एक मित्र कामाला आले. या गृहस्थांना नाटकाची गोष्ट कधी आठवत नाही, कुठल्या प्रवेशात माइक कुरकुरला ते आठवतं. त्यांनी एकच मंत्र दिला: "निम्मं लक्ष मधल्या स्पीकरवर." संवाद सगळे मधल्यातून येतात. लोक समोरचे दोन उंच खांब घेतात, कारण ते पाहुण्यांना दिसतात, आणि मधल्याला उरलेल्या पैशांत काहीतरी टेकवतात. मग पुन्हा "काय म्हणाला तो?" सुरू. समोरचे तिन्ही एकाच घराण्यातले घ्यावेत, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच कंपनी बदलते. मागच्या दोघांना कामच कमी असतं: पाऊस, टाळ्या, हेलिकॉप्टर. ते चाळीस डॉलरला जोडी मिळाले तरी चालतात, आणि मिळाले.

या सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर जुना घेतला. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी देशात परत चाललेलं असतं आणि त्याच्याकडे हमखास एक रिसीव्हर, एक इडली स्टँड आणि एक स्नो ब्लोअर असतो. साठ डॉलर, टॅक्स नाही. जुना रिसीव्हर नव्या 4के चित्राला दार उघडत नाही म्हणून लोक तो फेकतात. पण चित्र सरळ टीव्हीला द्यावं आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबलनं आवाज याला द्यावा, की पाच पॉइंट एक विनातक्रार चालतं. रिसीव्हरवरचं 'डॉल्बी' वाचून सासूबाईंनी काळजीनं विचारलं, "इथे रात्री दहानंतर पोलीस येत नाहीत ना?" त्या साताऱ्याच्या. तिथल्या विसर्जन मिरवणुकीत त्यांच्या काचेच्या कपाटानं जे सोसलंय, ते मी ऐकून आहे.

वायर हा वेगळाच बाजार आहे. एका बाजूला फुटाला सोन्याचा भाव, दुसऱ्या बाजूला शंभर फुटांचं भेंडोळं वीस डॉलरला. मित्र म्हणाले सोळा गेजची साधी तांब्याची घ्या, पंधरा-वीस फुटांना फरक पडत नाही. घरी आल्यावर सासऱ्यांनी ब्लेडनं तिचं टोक खरवडलं. तांबूस रंगाखाली पांढरं निघालं. "ॲल्युमिनियम. वरून तांब्याचा मुलामा." असली वायर स्पीकरला चालून जाते, हे मी वाचलं होतं. पण एमएसईबीच्या माणसासमोर 'चालून जाते' म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. वायर परत गेली, तांब्याची आली.

आणि मग सबवूफर. तो कुठे ठेवायचा याची एक शास्त्रीय रीत आहे, आणि ती शोधणाऱ्याला सासुरवाड नसावी. सबवूफर सोफ्यावर, म्हणजे आपण बसतो तिथे ठेवायचा. खर्जाचं काहीतरी लावायचं. मग आपण भिंतीकडेनं रांगत जायचं, आणि जिथे खर्ज भरीव आणि स्वच्छ ऐकू येईल ती सबवूफरची जागा. कारण असं की 40 हर्ट्झची लाट साधारण 28 फूट लांब. ती वीस फुटी खोलीत मावत नाही, भिंतींवरून परतते, कुठे दुप्पट होते, कुठे स्वतःलाच खाऊन टाकते. सोफ्यावरचा आवाज कोपऱ्यात जसा लागतो, तसाच कोपऱ्यातला सोफ्यावर लागतो. त्यामुळे जड खोकं हलवण्यापेक्षा हलका माणूस हलवावा. त्यातून बेसमेंटचं छत सात फुटांचं. सात फुटांच्या छत-जमिनीत नेमका 80 हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, आणि सबवूफरनं काम हातात घ्यायचं ते बहुतेक रिसीव्हरमध्ये याच 80 वर. मुहूर्तालाच अपशकुन.

तर रविवारी दुपारी सोफ्यावर सबवूफर, त्याच्या शेजारी अंग चोरून सासरे, आणि जमिनीवर मी, कान गुडघ्यांच्या पातळीवर. जिन्यात पावलं वाजली. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दुसऱ्या पायरीवर थांबल्या. त्यांनी सोफ्यावरच्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काही हरवलंय का?"

"नाही, जागा बघतोय."

त्यांनी यावर थोडा विचार केला. "तो तांदळाचा कोपरा राहिला तुमचा," असं म्हणाल्या आणि ट्रे फ्रीजवर ठेवून गेल्या. वर जाऊन मुलीला काय म्हणाल्या ते मला सेंटर स्पीकरशिवायही ऐकू आलं.

सर्वोत्तम खर्ज मखराच्या जागी मिळाला. मखर हलवणं शक्यच नव्हतं. शास्त्र शास्त्राच्या ठिकाणी, बाप्पा बाप्पाच्या. दुसऱ्या क्रमांकाची जागा सासूबाईंनी दाखवलेली, तांदळाच्या गोण्यांजवळची. सबवूफर तिथे गेला. समोरच्या उघड्या सिमेंटच्या भिंतीवर त्यांनीच आणलेली गोधडी टांगली. जाड कापडानं खर्ज अडत नाही, पण टाळीसारखा वाजणारा वरचा प्रतिध्वनी मरतो, आणि शब्द सुटे सुटे होतात. कुठल्याही दुकानातल्या फोमच्या फरशांपेक्षा ती छान दिसते, हे माझं ठाम मत.

रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक होता. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं, मग रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून चीत्कार काढून खोली मोजतो. पहिल्यांदा फर्नेसनं श्वास घेतला. पडद्यावर सूचना: खोलीत आवाज फार आहे. मग डीह्युमिडिफायर. पुन्हा तीच सूचना. सगळं बंद केलं, लेकीला वर पाठवलं, सासऱ्यांनी खोकला दाबला, आणि मग खड्ड्यातला, पाणी उपसणारा संप पंप गुरगुरला. एका यंत्रानं दुसऱ्याला गप्प बसायला सांगावं आणि तिसऱ्यानं ते ऐकू नये, हा प्रकार शेवटी रात्री सगळे झोपल्यावर उरकला.

उद्‌घाटनाचा चित्रपट सासूबाईंनी निवडला: 'पांडू हवालदार'. दिवे मालवले. मधला स्पीकर खणखणीत बोलू लागला. एकही "काय म्हणाला?" नाही. अर्ध्या तासानं सासरे उठले, मागच्या स्पीकरला कान लावून म्हणाले, "याचा फ्यूज गेलाय." मग दुसऱ्याला. "याचाही." डावा, उजवा, तेही मुके. मला सांगावं लागलं की तो चित्रपट 1975 चा, आणि त्या काळच्या बहुतेक मराठी चित्रपटांप्रमाणे त्याचा आवाज एकाच ट्रॅकवर. रिसीव्हर तो इमानानं मधल्याला देतो. त्याच वर्षी 'शोले'च्या 70 मिलिमीटरच्या प्रती सहा ट्रॅकच्या स्टिरिओफोनिक आवाजात आल्या होत्या, हे सांगून मी बाजू सावरायला गेलो.

"म्हणजे पाचातला एकच चालतोय," बायको म्हणाली, "आणि तो किती डॉलरचा?"

पण निकाल म्हणाल तर तोच खरा. आमच्या घरात बघितलं जातं ते मालिका, नाटकं, जुने चित्रपट. त्यातलं नव्वद टक्के काम मधला एकटा करतो. वर्षातून एखाद-दोनदा सगळे झोपल्यावर मी अंतराळातली लढाई लावतो आणि पॉइंट एक तांदळाच्या गोण्यांसकट हादरतो. तेवढ्यासाठी तो वसूल.

एक गोष्ट कुठल्याच दुकानदारानं सांगितली नव्हती, ती सासऱ्यांनी केली: सबवूफर सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर चढवला. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री इडा वादळाच्या पावसानं न्यू जर्सीतल्या कितीतरी बेसमेंटमध्ये पाणी भरलं, आणि जमिनीवर ठेवायच्या वस्तूंत सगळ्यांत आधी भिजतो तो सबवूफर. तेव्हा बेसमेंटसाठी स्पीकर घ्यायला निघाला असाल, तर आधी संप पंप चालू आहे का बघा, त्याला बॅटरीची सोय करा, ठोकळे आणा. एवढं करून जे पैसे उरतील, त्यात मधला स्पीकर थोडा मोठा घ्या.