पेट्रोलच्या दिव्यास खुले पत्र

प्रति,
मा. पेट्रोलचा पिवळा दिवा,
मुक्काम मीटरचा कोपरा.
विषय : वरंधा घाटातील गैरहजेरी.

मोटारसायकलच्या मीटरवरील पिवळ्या दिव्याकडे एकच काम असते : टाकीत एक-दीड लिटर पेट्रोल उरले की पेटायचे. एरवी भरपगारी रजा. चावी फिरवताच महाशय बऱ्याच गाड्यांत क्षणभर उजळून हजेरी लावतात. त्यावरून दिवा शाबूत असल्याचे कळते; टाकीतली खबर आणणारा सेन्सर जिवंत आहे की नाही, हे कळत नाही.

सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो. पातळी उतरली की तोही उतरतो. गंज किंवा कचरा साचला की तो अडकतो. टाकी चासीच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे चढ-उताराला पेट्रोल पुढे-मागे पळते आणि दिवा लुकलुकतो. या किरकोळ तक्रारी.

दुसरा प्रकार थर्मिस्टरचा : तापला की विजेला कमी अडवणारा छोटा मणी. पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तोवर तो थंड राहतो आणि वीज अडवून धरतो. उघडा पडला की स्वतःतून जाणाऱ्या विजेनेच तापतो, प्रवाह वाढतो, दिवा पेटतो. युक्ती सुरेख आहे. पण साध्या जोडणीत याच मण्याची तार तुटली तर वीज जातच नाही आणि दिवा कधीच पेटत नाही. न पेटलेल्या दिव्याचा अधिकृत अर्थ मात्र ‘पेट्रोल आहे’. खुशाली आणि बिघाड, दोन्हींची खूण एकच!

भोर मागे पडल्यावर, वरंधा घाटाकडच्या चढाला, इंजिन दोन आचके देऊन बसते. दिवा शांत. स्वार झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत डोकावतो, टाकी गदागदा हलवून डबडब ऐकतो, गाडी डावीकडे आडवी करून उरलासुरला घोट टाकीतल्या पंपाच्या तोंडाशी लोटतो. एक वळण पार पडते. मग गाडी तिथेच सोडून दुसऱ्या गाडीवाल्याच्या मागे बसून जायचे, आणि पेट्रोल पंपावर पाटी वाचायची : बाटलीत पेट्रोल मिळणार नाही.

जुन्या गाड्यांना डाव्या गुडघ्याखाली पेट्रोलचा कॉक असे. टाकीत उंच तोंडाची एक नळी आणि तळाशी दुसरे छिद्र. उंच नळी उघडी पडली की गाडी अडखळे. स्वार चालत्या गाडीवर हात खाली घालून कॉक ‘रिझर्व्ह’ला लावी. ना तार, ना दिवा. कॉक परत फिरवायला विसरणाऱ्याची फजिती होई, पण तो दोष विसरणाऱ्याचा. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस 6 निकष आले, त्यांच्यापायी बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले, दाबाने पेट्रोल ढकलणारा विजेचा पंप टाकीत जाऊन बसला आणि कॉक गेला. हा पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणजे कोरडा चालला तर तोही जळण्याचा धोका. जिथे इशारा अधिक गरजेचा झाला, तिथेच काही गाड्यांत तो एका तारेच्या भरवशावर सोडला. सगळी जबाबदारी एका मण्यावर टाकून तो तुटल्याचे कळण्याची सोय न करणे, याला काटकसर म्हणत नाहीत. हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

यात दिव्याचा काय गुन्हा? वर कोपऱ्यात बसून तो खालून येईल तेवढेच सांगतो. टाकीत डोकावायची त्याला सोय नाही. शिव्या त्याच्या वाट्याला येतात. आराखडा काढणाऱ्याचे तोंड स्वाराला कधी दिसत नाही.

दुरुस्तीत आधी कनेक्टर आणि तार तपासतात. सेन्सरच गेला असेल, तर काही गाड्यांत तो सुटा मिळत नाही; पंपासकट अख्खा संच घ्यावा लागतो. तोवर टाकी फुल करताना ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि गाडीच्या सरासरीवरून हिशेब ठेवायचा.

प्रत माहितीसाठी : ट्रिप मीटर, अतिरिक्त कार्यभारासह.